कुळवहिवाटीतले एकतर्फी निकाल आणि अपिलाची मुदत

कुळवहिवाटीच्या प्रकरणात एका पक्षाच्या गैरहजेरीत निकाल झाला की त्यालाच दोष दिला जातो. माझे म्हणणे असे की, नोटीस खरोखर बजावली होती का, हे आधी पाहिले पाहिजे.

1948 च्या कुळकायद्याच्या कलम 32-ग प्रमाणे, 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी खरेदीदार मानल्या गेलेल्या कुळाने शेतजमीन न्यायाधिकरणापुढे येऊन खरेदीची तयारी सांगायची असते. कूळ आलेच नाही तर खरेदी निष्प्रभावी ठरते आणि कलम 32-प खाली कब्जा काढून घेण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणूनच असा निकाल पक्षकारांना कळवण्याचे बंधन कलम 32-ग मध्येच आहे, आणि गैरहजर पक्षाला निकाल कळवला गेल्यापासून 60 दिवसांत पुनर्विलोकन (निकालाचा फेरविचार) मागता येते. ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते. अपिलासाठी मात्र कलम 79 मधले 60 दिवस निकालाच्या तारखेपासूनच धावू लागतात. नक्कल मिळायला लागलेला काळ वजा होतो आणि विलंबमाफीही मागता येते, पण ज्याला निकालाचा पत्ताच नव्हता त्यानेच उशिराचा खुलासा करावा, हे मला पटत नाही.

खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचे जमिनीचे भाडे, थकल्याच्या प्रकरणात नुकसान आणखी ढळढळीत असते. कलम 25 प्रमाणे, वारंवार थकबाकीदार नसलेल्या कुळाला थकबाकी व खर्च भरण्यासाठी तहसीलदाराने तीन महिने द्यायचे असतात, आणि ती रक्कम भरली की वहिवाट वाचते. हजर नसलेल्या कुळाच्या हातून हीच संधी निसटते.

कोकणातल्या प्रकरणांत नोटीस बजावणीचा अहवाल आवर्जून वाचावा. ‘इसम मुंबईस असतो, नोटीस दारावर डकवली’ एवढा शेरा, खाली दोन पंचांच्या सह्या, आणि पुढच्याच तारखेला रोजनाम्यात (कामकाजाच्या तारीखवार नोंदीत) ‘सामनेवाले गैरहजर, प्रकरण एकतर्फी’. मुंबईचा पत्ता भावकीत सर्वांना ठाऊक असतो. तो विचारल्याची नोंद कुठेच नसते. मालक विधवा किंवा वृद्ध असेल तर त्या मालकावरही असाच अन्याय होतो.

अपील करणाऱ्याने म्हणून केवळ सातबाऱ्यावर भर न देता रोजनामा आणि बजावणी अहवाल यांच्या नकला जोडाव्यात, विलंबमाफीच्या अर्जात निकाल केव्हा व कसा कळला ते तारखेसह लिहावे, आणि फेरफार (सातबाऱ्यावरील नोंदीतला बदल) मंजूर होण्याआधी स्थगिती मागावी. अपिलीय अधिकाऱ्यांनीही उशीर मोजण्यापूर्वी तो बजावणी अहवाल उघडून पाहावा, आणि बजावणी सदोष आढळल्यास प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठवावे.