'सिस्टरला बघूनच कळतं' हे अर्धंच खरं

नर्सेसच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वयस्कर पेशंटचे स्कोअर (बेडसोर, पडणं, गोंधळलेपणा तपासायचे आकडे) भरणं म्हणजे एनएबीएचसाठी, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेसाठी, कागद काळे करणं. अनुभवी सिस्टरला बघूनच कळतं. हे फॉर्म ऑफिसात बसणाऱ्यांनी लादलेत आणि त्यात पेशंटजवळचा वेळ जातो. मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं काढलीत मी. मला हे पटत नाही.

आधी 'बघूनच कळतं'. एका नाइटला हँडओव्हर मिळाला, "सात नंबरच्या आजी शांत आहेत, काही त्रास नाही." मलाही तसंच वाटलं. फोर-एटी, म्हणजे पेशंट गोंधळलाय का हे तपासणारी छोटी चाचणी, भरायचं होतं म्हणून उठवलं, महिने उलटे म्हणायला सांगितले. रोज आम्हाला तिथी सांगणाऱ्या आजी 'फाल्गुन, माघ'वर अडकल्या, पुन्हा 'फाल्गुन' म्हणाल्या आणि डोळे मिटले. रक्तातलं सोडियम ११८ निघालं, फारच कमी. डिलिरियम होता तो, आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ. सलाईन ओढणारा, ओरडणारा पेशंट कुणाच्याही नजरेत भरतो, गप्प पडलेला सुटतो. शेरॉन इनोये यांच्या २००१च्या अभ्यासात, सत्तरी ओलांडलेल्या ज्या पेशंटना डिलिरियम होता त्यांतले फक्त ३१ टक्के नर्सेसच्या लक्षात आले. जास्त करून सुटले ते गप्प असलेले, ऐंशीच्या पुढचे, कमी दिसणारे, डिमेन्शियाचे. म्हणजे ज्यांना आपली सगळ्यात जास्त गरज, तेच.

'ऑफिसातून लादलं'? बेडसोरच्या, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांच्या, धोक्याचा नॉर्टन स्केल १९६२चा, डोरीन नॉर्टन यांचा. बेडसोरचाच ब्रेडन स्केल १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी मांडला, पडण्याच्या धोक्याचा १९८९ साली जॅनिस मोर्स यांनी. या सगळ्या नर्स. आपल्याच बायकांचं काम ऑफिसच्या नावावर टाकलेलं मला लागतं.

वेळेचं म्हणाल तर ब्रेडनचे सहा मुद्दे आहेत. त्वचा ओलसर आहे का, कूस बदलता येते का, ताटातलं किती संपलं... स्पंजिंग करताना आणि जेवण देताना आपण हे बघतोच. १८ किंवा त्याखाली आकडा लिहिला की पुढच्या शिफ्टला न बोलता कळतं, यांची पाठ सांभाळायची. हां, शिफ्ट संपताना कालचेच आकडे उतरवले तर ते कागद काळे करणंच. पण ते का होतं? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स आहे आणि आपल्याकडे एकीच्या गळ्यात तीस. भांडायचं तर त्यावर भांडू.

एक गोष्ट मात्र मान्य. कोण पडणार हे स्कोअरवरून ठरवू नका, ६५च्या पुढच्या सगळ्यांनाच धोका धरा, असं ब्रिटनच्या नाइसनेही, म्हणजे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेनेही, २०१३ साली सांगितलं. पण त्यांनी तपासणी सोडायला नाही सांगितलं. चष्मा, चप्पल, लघवीची घाई, झोपेची गोळी, हे बघायचंच.

आणि फोर-एटीत विचारायची जन्मतारीख. आपल्याकडे कित्येक आजोबांची १ जून, गुरुजींनी शाळेत घातलेली. ती चुकली म्हणून लगेच गोंधळलेत असं धरू नका. सोबतच्या मुलीला विचारा, "कालपर्यंत बाबा असेच बोलत होते का गं?" तोही फोर-एटीतलाच प्रश्न आहे.