सहा टाळकी, त्यात एक न पिणारा

शनिवारी रात्री तलावपाळीच्या कट्ट्यावर जे झालं ते आजच लिहून ठेवतोय, कारण पुढच्या शनिवारी प्रत्येकजण "मी असं बोललोच नव्हतो" म्हणणार हे मला पक्कं माहितीये.

सुहास आयर्लंडमधल्या लिमरिकहून तीन आठवड्यांसाठी आलाय. सहा वर्षं झाली त्याला तिकडे, दरवर्षी आला की तो "या रे एकदा" म्हणतो, आम्ही "येऊ येऊ" म्हणतो आणि विषय संपतो. या वेळी पण संपला असता, पण शिऱ्याचा बोनस झालाय ना, त्याने डायरेक्ट "मे महिन्यात जायचंच" असं जाहीर केलं आणि मोबाइलवर डब्लिनच्या टेंपल बार या पबचा तो लाल रंगाचा, कुंड्या लटकवलेला फोटो सगळ्यांना फिरवला. झालं, तिथून जे सुरू झालं ते साडेअकरापर्यंत.

सुहासने फोटोकडे नीट बघितलं पण नाही. "तिथे पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, दहा युरोच्या आसपास पडतो, आणि आजूबाजूला सगळे तुझ्यासारखेच फोटो काढणारे. आयरिश माणूस शोधायचा तर काउंटरच्या पलीकडे बघायचं, आणि तो पण बऱ्याचदा ब्राझीलचा निघतो."

"मग डिंगल," शिऱ्या म्हणाला. हा घरून अभ्यास करून आला होता.

डिंगल हे गाव वाईट नाहीये असं सुहासचं मत. तिथे डिक मॅक्स म्हणून पब आहे तिथे एका बाजूला चामड्याचं दुकान आणि समोर दारूचा काउंटर, आणि फॉक्सी जॉन्समध्ये तर चक्क हार्डवेअर, म्हणजे एकीकडे खिळे, बिजागऱ्या आणि दुसरीकडे गिनेस बिअरचे नळ. जुन्या काळी गावात एकच माणूस किराणा पण विकायचा, दारू पण विकायचा आणि बाकी जे काय लागेल ते पण, त्यातले काही अजून तसेच टिकलेत.

"म्हणजे अर्धा किलो चुका आणि एक पाइंट," गोट्या म्हणाला.

"चुका तू पाइंटनंतर फुकट करतोस," दीप्ती.

पण उन्हाळ्यात डिंगल फुल्ल असतं, बसेस भरभरून माणसं येतात, त्यामुळे सुहासचं म्हणणं की लहान गाव बघा, फारसं कोणी नाव न घेतलेलं. इथे मी जरा आडवा आलो. नाव न घेतलेलं गाव म्हणजे आपोआप चांगलं गाव हे कोणी सांगितलं? आपल्याकडे पण कोकणात "अनटच्ड" म्हणून जातो आणि मग कळतं की संडास पण अनटच्ड आहे. चांगला पब पाहिजे तर चार पिणारे, दोन वाजवणारे आणि एक तरी रहायची जागा पाहिजे ना गावात. सुहास म्हणाला बरोबर आहे तुझं, आणि लगेच सर्वात विचित्र गावाचं नाव काढलं.

फेथर्ड, टिपररी काउंटीत. मध्ययुगीन तटबंदी बरीचशी शाबूत आहे, आसपास घोड्यांच्या शर्यतीवाल्यांचा मुलूख, आणि गावात मॅकार्थीज नावाचा पब आहे जो पब पण आहे, हॉटेल पण आहे आणि अंत्यविधीची व्यवस्था करणारं दुकान पण आहे. एकाच मालकाचं. पाजणार, जेवू घालणार आणि शेवटी पुरणार पण तेच, आणि हे ते स्वतःच मजेत सांगतात. शिऱ्या म्हणाला एकदम कडक, तिथेच जाऊ. दीप्तीने नुसती मान हलवली, म्हणाली सहा जणांनी रिटर्न तिकीट काढून जायचंय आपल्याला.

मग गोट्याला अ‍ॅनस्कॉल आवडलं. हे डिंगलच्या वाटेवरचंच छोटं गाव आहे, तिथला टॉम क्रीन म्हणून माणूस स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या मोहिमांत मिळून तीनदा अंटार्क्टिकाला जाऊन आला, परत गावी आला आणि पब काढला आणि त्याला नाव दिलं साऊथ पोल इन. गोट्या दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणारा माणूस, तो ऐकूनच हळवा झाला. "दक्षिण ध्रुवावरून आलेला माणूस गल्ल्यावर बसतो," असं दोनदा म्हणाला. (तसा क्रीन प्रत्यक्ष ध्रुवापर्यंत पोचला नव्हता, शेवटच्या टप्प्याआधी स्कॉटने त्याला परत पाठवलं, पण गोट्याचा मूड बघून हे मी तेव्हा बोललो नाही. आता वाच.)

शिऱ्याचं आणखी एक होतं, क्लोनाकिल्टी. कॉर्कच्या पश्चिमेला. तिथल्या डी बाराज नावाच्या पबमध्ये रॉक गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सचा बेसिस्ट नोएल रेडिंग कित्येक वर्षं वाजवायचा, तो त्याच भागात स्थायिक झाला होता, २००३ साली गेला. शिऱ्याच्या कॉलेजच्या रूमवर हेंड्रिक्सचं पोस्टर होतं त्यामुळे त्याच्यासाठी हे पंढरपूर. पण ते गाव ब्लॅक पुडिंगसाठी पण प्रसिद्ध आहे आणि ते रक्ताचं सॉसेज असतं असं सुहासने सांगितल्यावर दीप्ती म्हणाली की मी तिथे नुसता ब्रेड खाऊन राहू का. तिला सांगितलं बाई तू कुठेही गेलीस तरी सूप, ब्राऊन ब्रेड आणि चीज-कांद्याचा टोस्टी हेच आहे, शिवाय गावाकडच्या पबचं किचन नऊच्या आसपास बंद होतं, बऱ्याच पबमध्ये तर वेफर्सच्या पाकिटापलीकडे काही मिळतच नाही. चकल्या, दशम्या घेऊन चल. पेढे नको, दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत तिकडे.

एवढं होईपर्यंत नऊ गावं झाली होती आणि सुहासने मोबाइलच्या मॅपवर एक गोल गोल रूट पण काढला. नऊ सीटची गाडी भाड्याने, सहा रात्री, पाच गावं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, काही टेन्शन नाही. "आणि केदार चालवेलच."

केदार पीत नाही. लग्नाआधीपासून नाही पीत, घरचं वगैरे काही नाही, त्याला चवच आवडत नाही. तो इतका वेळ कटिंग घेऊन गप्प बसला होता.

"का?" केदार म्हणाला.

"का म्हणजे, तू पीत नाहीस ना."

"म्हणून मी चालवणार?" आणि मग जे पंधरा वर्षांचं साठलं होतं ते बाहेर आलं. लोणावळा मीच, अलिबाग मीच, गोव्याहून येताना तुम्ही पाच जण मागे घोरताय आणि कशेडी घाटात मी एकटा जागा, वर शिऱ्याची उलटी पण मीच पुसलीये. मला पण तिथे रात्री बसायचंय, मला तिथल्या पबमधलं संगीत ऐकायचंय, मी सकाळी लवकर उठून गाडी काढायला आयर्लंडला येणार नाही, तुमचा तुम्ही ड्रायव्हर बघा.

कोणी काही बोललं नाही. काय बोलणार, खरंच होतं सगळं.

शिऱ्याने तरी एक ट्राय मारला. आपण दोघातिघांनी आलटून पालटून एकेक पाइंटच घ्यायचा, लिमिटमध्ये. तिथली लिमिट शंभर मिलीलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम, आपल्याकडे ३०, म्हणजे तिकडे सूटच आहे की! सुहासने त्याला असं बघितलं. म्हणाला व्यावसायिक आणि नवशिक्या ड्रायव्हरला २० आहे, बाकी गार्डा म्हणजे तिकडचे पोलीस सकाळी पण रस्त्यात उभे राहून फुंकायला लावतात, आदल्या रात्रीची उतरलेली नसली तरी पकडतात. आणि खेड्यात रात्री टॅक्सी म्हणशील तर अख्ख्या गावाला एक, ती पण कुणाला तरी सोडायला गेलेली.

मला वाटतं खरी ट्रिप इथे ठरली, केदारमुळे. कारण गाडी गेली म्हटल्यावर प्रश्नच बदलला. आता असं गाव पाहिजे जिथे ट्रेनने किंवा बसने पोचता येतं आणि पबमधून खोलीवर चालत जाता येतं. मी तर म्हटलं की पाच गावं कशाला, एकाच गावात चार रात्री रहा, पहिल्या रात्री तुम्ही टूरिस्ट असता, तिसऱ्या रात्री काउंटरवरचा माणूस मान हलवतो, चौथ्या रात्री तो न विचारता ग्लास नळाखाली धरतो. रोज बॅगा भरून कोणाला ओळख होणार आहे. यावर शिऱ्या म्हणाला एवढे पैसे घालून एकच गाव बघायचं? आणि यावर अर्धा तास गेला, तो सगळा लिहीत नाही.

वेस्टपोर्टचं नाव आलं, डब्लिनची ट्रेन तिथेच संपते, द चीफ्टन्स या आयरिश बँडमध्ये बासरी वाजवलेल्या मॅट मोलॉयचा स्वतःचा पब आहे आणि जवळ क्रो पॅट्रिक हा ७६४ मीटरचा डोंगर, जुलैच्या शेवटच्या रविवारी लोक यात्रेला चढतात, काही अनवाणी. गोट्या म्हणाला कळसूबाईच्या निम्मा पण नाही. सुहास म्हणाला चढून बघ, समुद्राकाठून सुरुवात आहे आणि वरचा भाग नुसती सुटी दगडं. पण वेस्टपोर्ट कमी माहितीचं कुठलं, अख्ख्या आयर्लंडला माहितीये. आपल्याला कुठे माहिती होतं, असं गोट्या.

शेवटी सुहासने जे आधीच सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं. एनिसटायमन, क्लेअर काउंटीत. त्याच्या घरापासून ट्रेनने एनिस, तिथून ३५० नंबरची बस. गावाच्या मधून इना नदी जाते आणि ऐन गावात ती पायऱ्या पायऱ्यांवरून उतरते, मेन स्ट्रीटवर जुन्या दुकानांच्या रंगीत पाट्या आणि त्यातच लहान लहान पब, युजीन्स, कूलीज हाऊस वगैरे. तीच बस पुढे लाहिंचच्या बीचवर, मोहरच्या कड्यांवर आणि डूलिनला जाते, म्हणजे दिवसा सगळं बघून संध्याकाळी परत आपल्या गावात. डूलिनमध्येच रहावं असं शिऱ्याला वाटलं कारण संगीतासाठी तेच फेमस. सुहासचं म्हणणं, फेमस आहे हाच प्रॉब्लेम, दुपारी जा, बघा आणि या.

तारखा पण तिथेच ठरल्या, म्हणजे मेचा शेवट. शिऱ्या जुलैचा पहिला आठवडा म्हणत होता, तेव्हा जवळच्याच मिलटाउन मालबेला विली क्लॅन्सी समर स्कूल असतं, १९७३ पासून, जगभरचे वाजवणारे येतात, आसपास झोपायला पलंग मिळत नाही. सप्टेंबरमध्ये लिसडूनवार्नाला लग्न जुळवायची जत्रा असते, तिथे गोट्याला एकट्याला पाठवायचं असा ठराव पास झाला. दीप्तीने पोरीला आणू का विचारलं, तर पबमध्ये मुलांना रात्री नऊपर्यंतच, मे ते सप्टेंबर दहा, आणि वाजवणं बऱ्याचदा साडेनऊला सुरू होतं. पोरगी आजीकडे. शिऱ्याकडे युरोपचा शेंगेन व्हिसा आहे, त्याचा उपयोग नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीये.

केदारने या सगळ्यात एकच प्रश्न विचारला, ते वाजवतात म्हणजे नक्की कसं. तो गणपतीत ढोलकी वाजवतो. सुहास म्हणाला स्टेज नाही, माइक नाही, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती जे येतील ते बसतात, फिडल, बासरी, पिशवीत हवा भरून वाजवायचे पाइप्स, आपल्या गावातलं भजन असतं ना तसं, कोणी येतो, बसतो, सूर धरतो, कार्यक्रम म्हणून कोणी करतच नाही. त्यामुळे फर्माईश करायची नाही, आणि सहा जणांनी एकदम घुसून कोपरा अडवायचा नाही, ती वाजवणाऱ्यांची जागा. आणि बाउरॉन म्हणून बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य असतं, एका बाजूने उघडं, आपल्या हलगीच्या कुळातलं म्हण, पण एका छोट्या दांडीने वाजवतात. केदार म्हणाला मला ते हातात घेऊन बघायचंय. "आधी दोन रात्री नुसता ऐक," सुहास म्हणाला, "मग विचार." केदारने मान डोलावली, मला वाटतं तो मनाने तेव्हाच तिकडे पोचला होता.

गोट्याला मात्र शेवटपर्यंत वेगळीच काळजी. तो मालवणचा. "आमच्या वराडचो झील थंय पंतप्रधान होतो, माका कोण इचारणा नाय?" लिओ वराडकरांचे वडील वराडचे, हे त्याने आम्हाला २०१७ पासून किमान चाळीस वेळा सांगितलंय. सुहास म्हणाला तिकडे हे सांगितलंस तर राजकारणावर एक तास ऐकून घ्यावं लागेल, पाइंट काही फुकट मिळणार नाही.

पाइंटवरून राऊंड निघाला. तिकडे ग्रुपमध्ये बसलात की एकेकाने सगळ्यांचं आणायचं, आळीपाळीने, आणि आपली पाळी आली की गायब होणारा माणूस गावात लक्षात रहातो. शिऱ्याने लगेच हिशेब केला, सहा जण म्हणजे प्रत्येकी सहा पाइंट, एक ५६८ मिलीलीटर, म्हणजे साडेतीन लिटरच्या जवळ! म्हणून तीन-तीनचे दोन ग्रुप करायचे, सुहास म्हणाला, आणि केदारने झिरो-झिरो, म्हणजे बिनअल्कोहोलची गिनेस घेतली तरी त्याचा पण राऊंड लागतो, न पिणाऱ्याला माफी नाही. केदारला हे बरोबर वाटलं.

मग सुहास म्हणाला प्रॅक्टिस म्हणून आजच मोजा. संध्याकाळपासून कटिंगचे पाच राऊंड झालेत, सुहास, मी, दीप्ती, गोट्या, केदार. राहिलं कोण?

शिऱ्या मोबाइल कानाला लावून स्कूटरकडे चालला होता. आईचा फोन आहे म्हणाला.

टपरीवाल्याने सवयीने सहा ग्लास आधीच भरून ठेवले होते. केदारने पैसे दिले आणि शिऱ्याचा कटिंग पण त्यानेच प्यायला.