पिवळा धोत्रा म्हणजे रानमोहरी नव्हे

परवा येळ्ळूरहून मावशीचा फोन आला. "बांधावरचं ते पिवळं काटेरी असतंय बघ, त्याचं बी घाण्यावर घेतील काय रे?" तिला आलेला मेसेज असा: ही चरकसंहितेतली स्वर्णक्षीरी, बी म्हणजे रानमोहरी, फोडणीला घाला, तेल काढून रोज चमचाभर घ्या, आठ दिवसांत गुडघे मोकळे. वाचून डोकंच फिरलं.

आधी तेलाचं. या पिवळ्या धोत्र्याच्या बियांत सँग्विनारिन नावाचं विष असतं. त्यानं बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी पाझरून अंगात साठतं. पहिल्यांदा पाय सुजतात, मग धाप लागते, हृदय थकतं, डोळ्यांत काचबिंदू होतो. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि 60हून जास्त माणसं दगावली. ती तर नुसती भेसळ होती. इथं निव्वळ तेल चमच्यानं प्यायला सांगतायत, तेही गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना! पाय सुजले तर मावशी ते वयावर ढकलणार आणि आणखी एक चमचा घेणार.

रानमोहरी? पान निळसर हिरवं, शिरा पांढऱ्या, कडेला काटे. देठ मोडला की हळदीसारखा चीक. मोहरीला यातलं काय असतं? फूल पिवळं, एवढंच साम्य. नावात धोत्रा असला तरी हे झाड धोत्र्याच्या नव्हे, अफूच्या कुळातलं.

चरकाचं तर बोलायलाच नको. झाड मूळचं मेक्सिकोकडचं. कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 साली, त्याआधी ते इथं येणार कुठून? आपले लोक त्याला बिलायत म्हणतात ते उगाच नाही. स्वर्णक्षीरी हे नाव त्याला मागाहून चिकटलं.

चीक खरजेवर लावायची जुनी माणसं, हे मान्य. पण ते वरून लावणं. त्यावरून बी पोटात घ्यायला सांगणं हा गुन्हाच.

आपल्याकडं स्वयंपाक शेंगतेलात, म्हणून दिल्लीसारखी भीती नाही, असंही कुणी म्हणेल. पण फोडणीचा डबा घरोघरी आहे. मावशीनं सुकी बोंडं झाडून पसाभर बी आधीच जमवलं होतं. काल जाऊन तिच्या एका तळहातावर मोहरी ठेवली, दुसऱ्यावर ते बी. मोहरी गुळगुळीत, बी काळपट आणि खरबरीत, नखाला जाळी लागते. चष्मा लावून तिनं दोनदा पाहिलं, मग म्हणाली, "डब्यात पडलं असतं तर कळलंच नसतं की रे."