बर्डच्या ‘आवे वेरुम कॉर्पुस’वरच्या आक्षेपांना उत्तर

तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. विल्यम बर्ड या इंग्लिश कॅथलिक संगीतकाराच्या ‘आवे वेरुम कॉर्पुस’ (‘वंदन, खऱ्या शरीरा’) या लॅटिन स्तोत्रावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला, हे स्तोत्र ज्यात आलं तो ‘ग्रादुआलिया’ हा संग्रह १६०५ साली लंडनमध्ये रीतसर छापला गेला, मग ‘लपूनछपून गायलेलं’ हे मी रंगवून सांगितलं. दुसरा, चार मिनिटं नुसते संथ सूर; ना चाल लक्षात राहते, ना आर्तता जाणवते. याच शब्दांवरची मोझार्टची रचना कितीतरी गोड.

संग्रह परवानगीनेच छापला होता, हे खरं. पण पुस्तक छापणं वेगळं आणि ज्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, हे स्तोत्र गायचं ती मिस्सा प्रोटेस्टंट इंग्लंडात करणं वेगळं. १५८५च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडात नुसतं राहणंही राजद्रोह ठरवलं होतं. त्याला थारा देणाऱ्यालाही देहदंड होता. बर्ड तेव्हा एसेक्समध्ये, स्टॉन्डन मॅसी गावी राहत होता. जवळच इन्गेटस्टोनला त्याच्या आश्रयदात्यांचा, पीटर घराण्याचा वाडा आहे. त्यात धर्मगुरूंना दडवण्यासाठी केलेल्या गुप्त जागा पुढे सापडल्या. आणि तुम्ही म्हणता त्या रीतसर छापलेल्या संग्रहाची प्रत जवळ सापडली म्हणून १६०५ मध्येच एका फ्रेंच माणसाला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं होतं. मी लिहिलं त्यात अतिशयोक्ती नाही.

आता आर्ततेबद्दल. तुम्ही वरचाच आवाज ऐकत चाल शोधताय, असं वाटतं. बर्डच्या काळी चारही गायकांची पुस्तकं वेगळी असत; प्रत्येकापुढे फक्त स्वतःचा भाग. बाकी तिघांचं कानांनी ऐकायचं आणि त्यात आपला सूर बसवायचा. तुम्हीही एकदा फक्त खर्जातला आवाज धरून ऐका. शेवटच्या स्वराला षड्ज माना. ‘आवे’ म्हणताना वरचा आवाज शुद्ध निषादावर येतो आणि लगेच ‘वेरुम’वर खर्जाचा आवाज कोमल निषाद लावतो. एक शुद्ध, एक कोमल, लागोपाठ, दोन वेगळ्या गळ्यांतून. भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की नाही, यावरूनच तर तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात भांडण पेटलं होतं, आणि ‘वेरुम’, म्हणजे ‘खरे’, या शब्दावरच बर्ड हा काटा ठेवतो. मला तिथे दर वेळी गलबलून येतं.

पुढे ‘ओ दुल्चिस’ला, म्हणजे ‘हे मधुरा’ला, वरचा आवाज एकटाच हाक मारतो, खालचे तिघं ओ देतात. ‘मिसेरेरे मेई’, म्हणजे ‘माझ्यावर दया कर’, इथे मात्र सगळे एकामागून एक शिरतात, एकमेकांत गुंततात. हा सगळा भाग बर्ड पुन्हा गायला लावतो. तुम्हाला रेंगाळल्यासारखं वाटलं ते बहुधा इथेच. माझ्या मते रचनेचा जीव याच जागी आहे.

मोझार्टची रचना मलाही फार आवडते. पण ती १७९१ची, बाडेनच्या चर्चमध्ये उघड साजऱ्या होणाऱ्या सणासाठी, तंतुवाद्यं आणि ऑर्गनच्या साथीने लिहिलेली. त्याने स्तोत्र ‘मोर्तिस’च्या ओळीवर, मरणाच्या कसोटीपाशी थांबवलं. ‘मिसेरेरे’ची विनवणी त्याने घेतलीच नाही, बर्डने तीच दोनदा केली.