क्योची आई, तोहरू, आणि "मला काहीच फरक पडत नाही"वालं प्रेम

गेल्या महिन्यात फ्रूट्स बास्केट ही मंगा (जपानी कॉमिक) परत पहिल्यापासून वाचली, सगळेच्या सगळे २३ व्हॉल्यूम, आणि यावेळी सहाव्यावर येऊन जी अडकले ती अजून तिथेच आहे, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट मोठी आहे. स्पॉयलर आहेत, ज्यांना वाचायचंय त्यांनी आधी मंगा वाचून मग या.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. नात्सुकी ताकायाने ही मंगा १९९८ ते २००६ हाना तो युमे या जपानी पाक्षिकात काढली. तोहरू होंडा नावाची शाळकरी मुलगी, वडील लहानपणीच गेलेले, आई अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेली, राहायला जागा नाही म्हणून तंबू ठोकून राहत असते आणि शेवटी सोमा नावाच्या घराण्यातल्या लोकांकडे राहायला जाते. या घराण्याला शाप आहे. चिनी राशीचक्रातले बारा प्राणी यांच्यात जन्म घेतात, मुलाला मुलीने किंवा मुलीला मुलाने मिठी मारली की हे लोक उंदीर, ससा, कुत्रा काय असेल ते होतात. आणि या बाराजणांत मांजर नाही, कारण दंतकथेत सांगतात की उंदराने त्याला फसवलं आणि ते देवाच्या जेवणाला पोचलंच नाही. ते मांजर म्हणजे क्यो. सुरुवातीला हे सगळं गोड आहे, हसवतं पण खूप, आणि मला वाटतं बरेच जण तेवढंच वाचून सोडून देतात.

मग सहावा व्हॉल्यूम येतो. क्योच्या मनगटावर लाल-पांढऱ्या मण्यांचं कडं असतं, ते कधीच काढायचं नाही. काढलं तर तो मांजर होत नाही, काहीतरी भलतंच होतो, वेडंवाकडं, आणि अंगाला कुजल्यासारखा वास. त्याचे गुरू काझुमा, ज्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलंय, तेच भर पावसात तोहरूसमोर ते कडं ओढून काढतात. मुद्दाम. पोरगं आयुष्यभर आपला तिरस्कार करेल हे माहीत असून.

आणि मग आपल्याला क्योची आई दिसते. ती नवऱ्यासारखी त्याला हिडीसफिडीस करत नव्हती. ती म्हणायची की माझं तुझ्यावर प्रेम आहे, मला तुझी भीती वाटत नाही. आणि तीच आई दिवसातून कितीतरी वेळा त्याचं मनगट धरून बघायची, मणी आहेत ना जागेवर, आणि त्याला घराबाहेर जाऊ द्यायची नाही. तोंडाने प्रेम, आणि हात सतत मण्यांवर. लहान पोराला काय कळायचं ते बरोबर कळतं. पुढे ती स्वतःचा जीव देते आणि त्याचंही खापर याच्याच डोक्यावर फुटतं.

तोहरू काय करते? ती घाबरते. खरोखर घाबरते, त्या वासाने तिच्या पोटात ढवळतं, अंग थरथरतं. तो तिला हाकलून लावतो, लागेल असं करतो. आणि ती त्याचा हात सोडत नाही आणि रडत रडत सांगते की हो, मला भीती वाटतेय. पण मला तुझ्याबरोबर घरी जायचंय, एकत्र जेवायचंय, अभ्यास करायचाय. बस, एवढंच. साधं रोजचं मागणं. आणि तेव्हा क्योला समजतं की आपल्याला आईकडून हेच हवं होतं. सगळं झाकून "माझं बाळ छानच आहे" म्हणणारी नको होती. बघ, घाबर, आणि मग माझ्याबरोबर बसून विचार कर की आता काय करायचं.

हे पान मी पहिल्यांदा एकवीस-बावीसची असताना वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवून दिला. का, ते सांगते.

मला चौदाव्या वर्षापासून फिट येतात. आता औषधांनी कंट्रोलमध्ये आहेत, गेली साडेतीन वर्षं एकही नाही. हे मी इथे पहिल्यांदाच उघड लिहितेय. आमच्या घरात या गोष्टीला नाव नव्हतं. आई म्हणायची तुला काहीही झालेलं नाही, थोडा अशक्तपणा आहे. माझ्या गोळ्या कॅल्शियमच्या डबीत असायच्या, पाहुणे आले की ती डबी डाळीच्या डब्यांमागे जायची. मावशीला माहीत नाही, काकांना माहीत नाही, शाळेत तर नाहीच. आणि दिवसातून दहा वेळा आई माझ्याकडे बघायची, चमचा हातातून पडला तरी बघायची, बाथरूमला पाच मिनिटं जास्त लागली तर दार वाजवायची, सहलीला नाही, पोहायला नाही, मैत्रिणीकडे राहायला नाही. आणि विचारलं का बघतेस, तर म्हणायची कुठे काय, सहज. तिने माझ्यासाठी काय काय केलंय ते मला माहीत आहे, माझी आई वाईट नाही, अजिबात नाही. पण मी मोठी झाले ती हे समजत की माझ्यात काहीतरी असं आहे जे माझ्या आईला पण बघवत नाही.

मग कॉलेजसाठी पुण्यात हॉस्टेलला आले आणि तिथे दुसऱ्याच महिन्यात रूममेटसमोर मोठी फिट आली. रूममेट कोल्हापूरची. मला शुद्ध आली तेव्हा ती खाली फरशीवर माझ्या शेजारी बसलेली, डोळे रडून लाल, आणि पहिलं वाक्य काय बोलली माहितीये, "मी लई भ्यालो गं. मला वाटलं तू गेलीस." मग पाणी दिलं. मग म्हणाली, "आता सांग, परत झालं तर मी काय करू? कुणीतरी चप्पल हुंगवा म्हणालं, मी नाही हुंगवली, बरोबर केलं का?" मी तिला सांगितलं की चप्पल नको, कांदा नको, तोंडात चमचा तर अजिबात घालायचा नाही, नुसतं कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव आणि घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट हॉस्पिटल. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि पान फाडून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. ते पान हॉस्टेल सोडेपर्यंत तिथे होतं. माझ्या आजारपणाबद्दल कुणी लिहून लावलंय हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं आणि मला लाज नाही वाटली, मला झोप लागली शांत.

म्हणून मला तोहरूची भीती कळते. ती भीती हाच त्या सीनचा जीव आहे असं माझं ठाम मत आहे. जर ती न घाबरता हसत पुढे गेली असती, तू मला असाच आवडतोस वगैरे, तर तो सीन सुंदर दिसला असता आणि क्यो आहे तिथेच राहिला असता, कारण हे त्याने आधीच ऐकलेलं आहे, आईकडून.

हल्ली फँटसी रोमान्सच्या ज्या मंगा धडाधड येतायत, त्यातला ड्यूक, ड्रॅगन राजा, जो कोणी असेल तो, पहिल्या भेटीतच ठरवतो की हीच. ती शापित असू दे, बदनाम असू दे, त्याला काहीच फरक पडत नाही. मी वाचते त्या, दमून घरी आल्यावर बरं वाटतं. पण "फरक पडत नाही" हे वाक्य मला आता टोचतं. मला एका मुलाने हे म्हटलं होतं. दोन वर्षं होतो आम्ही सोबत. आजाराचं सांगितल्यावर लगेच म्हणाला मला काहीच फरक पडत नाही, आणि मी त्या रात्री आनंदाने रडले होते. नंतर लक्षात यायला लागलं की मी कधीही विषय काढला, आज डॉक्टरांनी डोस वाढवला, आज दिवसभर डोकं जड आहे, की तो म्हणायचा, सोड ना, मी बोललो ना मला फरक पडत नाही, तू माझ्यासाठी परफेक्ट आहेस. म्हणजे मी आजारी असूच नये अशी सोय होती ती. त्याच्यासमोर मला एकदा फिट आली आणि त्यानंतर आम्ही कधीच त्याबद्दल बोललो नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत बाकी बोलणंही संपलं. त्याला दोष देऊन संपणारी गोष्ट नाही ही. त्याने ज्या मुलीवर प्रेम केलं तिला फिट येत नव्हत्या.

ताकाया हे फक्त क्योपुरतं ठेवत नाही हे मला फार आवडतं. युकी घ्या, सोमा घराण्यातला उंदीर. शाळेत सगळ्या मुली त्याला प्रिन्स म्हणतात, त्याचा फॅन क्लब आहे, आणि तो त्यात एकटा पडलेला आहे कारण प्रिन्सला कोणी डबा खायला बोलवत नाही. कुठल्याही साध्या रोमान्समध्ये तोहरू आणि युकीच एकत्र आले असते. पण खूप पुढे जाऊन युकी त्याच्या शाळेतल्या काकेरू या मित्राजवळ कबूल करतो की तोहरूमध्ये मी आई शोधत होतो. त्याला जी माया मिळाली नाही ती तिच्याकडून मिळाली, आणि त्याला त्यावर प्रेमाचं लेबल लावावंसं वाटलं कारण तेच सोपं होतं. किती मुलं हे कबूल करतील? आणि नंतर त्याला शाळेतच माची नावाची मुलगी भेटते, जिला परफेक्ट काही सहनच होत नाही, ती त्याला तोंडावर सांगते की तू मला प्रिन्स वाटत नाहीस.

आणि तोहरू. तिला सगळे देवीसारखं बघतात, वाचक पण. माझं या वाचकांशी जुनं भांडण आहे. तोहरूचं ते सारखं अति आदराने बोलणं आहे ना, ते मुळात तिचं नाही. वडील गेल्यावर आई खचून गेली होती, पोरीकडे बघायची सुद्धा नाही, तेव्हा त्या चिमुरडीने वडिलांची बोलायची पद्धत उचलली, आईला बाबांची आठवण राहावी, आई आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून. म्हणजे ज्या गोडव्यावर आपण भाळतो त्याच्याखाली एका लहान मुलीची घाबरगुंडी आहे. आणि क्योवर प्रेम आहे हे स्वतःशी मान्य करायला तिला किती वेळ लागतो, कारण मनात आई सगळ्यात पहिली ठेवायची असं तिने ठरवलेलं असतं आणि ती जागा हलली तर आई परत मेल्यासारखं होईल. तिला देवी म्हणणारे हे सगळं वाचतच नाहीत असं मला वाटतं.

अजून एक. आपल्याकडे जन्मोजन्मीची गाठ म्हटलं की किती मोठं वाटतं, वडाला सात फेरे, हाच नवरा सात जन्म. फ्रूट्स बास्केटमध्ये नेमकी ही गाठच शाप आहे. ती दंतकथा बाजूला, खरं काय घडलं ते शेवटाकडे कळतं: फार पूर्वी एक एकटा देव आणि त्याने जेवायला बोलावलेले प्राणी, आणि त्यांनी ठरवलं की आपण परत परत जन्म घेऊन कायम एकत्र राहायचं. एकटं मांजर म्हणालं मला हे नको, संपणारं आहे ते संपू दे. त्या वचनामुळे आज घराण्याची प्रमुख अकितो त्या सगळ्यांची "देव" आहे आणि त्यांनी तिच्यावर प्रेम करायचंच आहे, रक्तातूनच ओढ आहे, आणि त्या ओढीमुळे ती त्यांना वाट्टेल तसं मारते, डांबते, तरी पाय तिच्याकडेच वळतात. या नात्यात कुणी कुणाला विचारलेलं नाही. अकितोला आतून माहीत असतं की यातलं एकही माणूस मला निवडून आलेलं नाही आणि म्हणूनच ती इतकी घाबरलेली, इतकी क्रूर आहे. एकेकाचा शाप सुटत जातो तेव्हा ते लोक मोकळे होतात आणि रडतात पण, हे वाचताना माझ्या घशाशी येतं. मी वटपौर्णिमेच्या विरोधात काही लिहीत नाहीये, माझी आजी करायची आणि तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते खरं होतं. पण आजी-आजोबा भांडून, रुसून, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ करून पन्नास वर्षं राहिले, ते कुठल्या फेऱ्यामुळे नाही.

वरती "डबी डाळीच्या डब्यांमागे" लिहिलं ते वाचून कोणी आईला नावं ठेवू नका. ती कशाला घाबरत होती ते मला नंतर कळलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी (म्हणजे हाच फिटचा आजार) असलेल्या माणसाचं लग्न रद्द करता यायचं, तशी तरतूद होती आणि ती १९९९ मध्ये दुरुस्ती करून काढली. १९९९! म्हणजे फ्रूट्स बास्केट तिकडे छापून यायला लागलेलं होतं. माझ्या आईचं लग्न, तिचं सगळं तरुणपण त्या जुन्या कायद्यात गेलं. कायदा बदलला हे आमच्या गल्लीत कोणी येऊन सांगितलं नाही. तिच्या डोक्यात एवढंच होतं की पोरीचं नाव बाहेर गेलं तर संपलं. क्योच्या आईलाही ताकाया राक्षसीण करत नाही, आणि आता परत वाचताना मला त्या बाईच्या हातांकडेच बघावंसं वाटत होतं, ते मणी तपासणारे हात.

तर गेल्या महिन्यात सहावा व्हॉल्यूम संपवून मी रात्री साडेदहाला आईला फोन केला. मंगा काय ते तिला माहीत नाही, मी गोष्ट सांगितली, मांजराची, कड्याची, आईची. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग मी विचारलं, आई, तुला भीती वाटायची का गं तेव्हा?

बराच वेळ पंख्याचा आवाज येत होता फोनमधून.

"खूप," ती म्हणाली. "रात्री उठून तुझ्या नाकाशी हात धरून बघायचे मी, श्वास चालू आहे ना. तुला कळू नये म्हणून दिवा लावायचे नाही."

मी म्हटलं मला माहीत होतं, मी जागी असायचे. आणि मग आम्ही दोघी जवळजवळ तासभर बोललो, पहिली फिट कुठे आली होती, तिने तेव्हा काय केलं, शेजारच्या काकूंना काय सांगितलं, सगळं. फोन ठेवताना तिने विचारलं गोळी घेतलीस का, आणि मी म्हटलं घेते आता, थांब फोनवर.