बार्शी लाइट आणि आजोबांचा हरभरा

आमच्या घरात रेल्वेचा एकच इतिहास चालत आलाय. आजोबा चालत्या बार्शी लाइटमधून उतरले, रुळालगतच्या शेतातले हरभऱ्याचे डहाळे उपटले आणि मागच्या डब्यात चढले. हे मी प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकलंय. त्यामुळे गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी "बार्शी लाइटवर दोन पानं द्या" असा निरोप आला, तेव्हा मी बेसावधपणे हो म्हणून बसलो. दोन पानं, दोन रविवार, असा हिशेब होता. सध्या चौदावा महिना चालू आहे.

पहिली ठेच नावालाच लागली. बार्शीत एस. टी. तून उतरलो आणि चहाच्या टपरीवर विचारलं, "जुन्या लाइटबद्दल कोण सांगू शकेल?"

"कधीपासून गेलीय?"

"झाली की बरीच वर्षं."

टपरीवाल्यानं गाळणी खाली ठेवली. "मग बिल थकलं असंल."

दुसरी ठेच कागदांची. जुन्या इंग्रजी कागदांत 'बार्शी रोड' या स्थानकाचा उल्लेख सारखा येतो. मी ते बार्शीत शोधत होतो आणि बार्शीकर मला अदबीनं एकीकडून दुसरीकडे पाठवत होते. शेवटी उलगडा झाला की बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडी. मोठी रेल्वे बार्शीला जातच नव्हती. ती कुर्डुवाडीला उतरवायची, पाटीवर बार्शीचं नाव लिहायची आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणायची. ते पुढचं बघायला 1897 साली अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी आली.

ती आणणारा माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आणि माझे चार महिने याच माणसानं खाल्ले. त्याचं म्हणणं साधं होतं. कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्चही आटोक्यात राहतो. 'लाइट' ती याच अर्थानं. एवढं लिहून मी पुढे सरकायला हवं होतं. पण साहेबाचं चरित्र चाळताना कळलं की याच गृहस्थानं पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूट तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. शिवाय त्याला अरबी घोड्यांचं वेड. त्यावर पुस्तकही लिहिलंय. स्मरणिकेसाठी मी घोड्यांची जोपासना वाचत बसलो. ज्याच्या गाडीतून उतरायला पायरीचीही गरज नव्हती, त्यानं पॅराशूट का केलं असेल, यावर माझा एक सिद्धान्त तयार आहे. संपादकांनी तो दोनदा कापला.

लाइन पुढे वाढत गेली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, अशी सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. आषाढीला माणसं डब्यात मावेनात म्हणून वारकऱ्यांना मालडब्यांत बसवून पंढरपूरला नेत. तेही डब्यात टाळ वाजवत गेले असणार. विठ्ठलाच्या वाटेवर दुसऱ्या वर्गाचा हट्ट कोण धरतो?

लातूरचा टप्पा मात्र भोवला. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. एका ओळखीच्या घरी जुन्या कागदांचं बोचकं होतं, त्यात लातूरला रेल्वे आल्याचं साल निघालं 1320. मी रात्रभर जागा. अल्लाउद्दीन खिलजीला जाऊन चार वर्षं झालेली, देवगिरीचे यादव नुकतेच बुडालेले, आणि लातूरला गाडी! सकाळी एका जाणकाराला फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "फसली सन असेल, निजामाच्या राज्यातली कालगणना. पाचशे नव्वद मिळवा." मिळवले. 1910. वर "वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, तेव्हा 1911 पण धरा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

राहिले साक्षीदार. मी एकवीस म्हाताऱ्यांना भेटलो. एकवीसही जण चालत्या गाडीतून उतरले होते. एकानं बोरं तोडली, एकानं हुरडा भाजून खाल्ला (भाजून! म्हणजे आगटी पेटेपर्यंत गाडी थांबली असणार), एकाचं दाढी करून झालं होतं. गाडीचं वेळापत्रक, भाडं, स्थानकांची नावं विचारली की सगळे आभाळाकडे बघायचे. हरभरा मात्र तिघांनी उपटला होता. आजोबांचा हरभरा इतका सार्वजनिक आहे हे पाहून मला जरा लागलं.

1954 ला सरकारनं ही लाइन ताब्यात घेतली आणि या शतकाच्या सुरुवातीला ती टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. लातूरकडचे नवे रूळ धाराशिववरून वळवून नेले, त्यामुळे जुन्या वाटेचे काही तुकडे मागे उरले. तसला एक तुकडा शोधायला गेलो, तर ज्याला मी रुळांचा भराव समजून अर्धा तास फोटो काढत होतो तो शेतमालकाचा बांध निघाला. मालक म्हणाला, "मोजणीवाले का?" आणि नंतर तो माझ्याशी बोलेचना.

शेवटी लाइटवर तीस वर्षं काढलेले एक निवृत्त गार्ड भेटले. नव्वदीचे, पण आवाज शिट्टीसारखा. मी वही उघडली.

"काका, लोक खरंच चालत्या गाडीतून उतरायचे?"

"उतरायचे की. रोज उतरायचे."

माझे डोळे भरून आले. एकविसांची साक्ष खरी ठरत होती.

"गाडी इतकी हळू होती?"

"हळू?" ते बसल्या जागी ताठ झाले. "आवो, तिकीट तपासनीस पुढच्या डब्यात चढला की बिनतिकिटाची माणसं मागनं खाली उतरायची. तो उतरला की परत चढायची. हातात काय तरी दिसावं म्हणून वाटंतला हरभरा उपटायची. तुमच्याकडचं कोण होतं काय त्यात?"

मी वही मिटली. बाहेर येऊन आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही.

"ऐक," मग म्हणाली, "तू हरभऱ्याचंच लिही."