दुसऱ्याचा बायोडेटा फॉरवर्ड कसा करावा

पहिलं म्हणजे, विचारू नका. विचारलं की मुली 'नको' म्हणतात आणि चांगलं स्थळ हातचं जातं.

बायोडेटा अख्खा पाठवावा. जन्मवेळ, रास, नाडी, पगार, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटचा नंबर आणि मुलीचाच मोबाईल. वडिलांचा नंबर द्यायची पद्धत आता जुनी झाली.

वर 'घरचंच स्थळ आहे' लिहावं. विश्वास बसतो.

ग्रुप निवडताना हात आखडू नये, एकेका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात १०२४ माणसं मावतात. आमच्या मावशीनं माझा बायोडेटा मेळाव्याच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो सिडकोतल्या भिशीत गेला, भिशीतून सटाण्याला, आणि पुढचं गोदामाईलाच ठाऊक. परवा रात्री साडेअकराला फोन. "मॅडम, इन हँड किती पडतो?" म्हटलं, कोण आपण? "ते सांगतो. चष्मा कायमचा आहे का?" दुसऱ्या दिवशी एक जण होमलोन घेऊन हजर, माझा पगार माझ्याआधी त्याला पाठ. तिसऱ्याला लग्नही नको, लोनही नको. तो नुसता 'हाय' पाठवतो, आणि काल त्यानं आमच्या बिल्डिंगचं नाव लिहिलं.

मुलगी ओरडलीच, तर लगेच डिलीट करावं. मावशीनं केलं. 'डिलीट फॉर मी'.

कायद्याला भिऊ नका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं खरं, पण ते नऊ जण भिशीत नाहीत. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्याला लागूच होत नाही. रामकुंडावरचे गुरुजीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीची वही उघडण्याआधी गाव-आडनाव विचारतात. तुम्ही कशाला विचारताय?

"अगं, तुझ्या चांगल्यासाठीच केलं ना," असं म्हणून ठेवावं. म्हणजे वर तीच कृतघ्न ठरते.

कसलं चांगलं? आता नंबर बदलायचा तर बँक, आधार, गॅस, पीएफ, सगळीकडे मीच फिरायचं. रात्री जिन्यात पाऊल वाजलं की आई दाराची कडी तपासते. तिला काय सांगू, भिशीतून कोण आलंय ते?

एक फोन करायचा होतास मावशी. 'टाकू का गं?' एवढंच. मी नाहीच म्हटलं असतं, आणि ते तुला पक्कं माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाहीस.